चवदार तळे 'आधीच खुले' होते काय? महाड नगरपालिकेच्या एका ठरावाची गोष्ट

१/ महाडच्या सत्याग्रहाची कथा सांगताना एक वाक्य हमखास येते : 'नगरपालिकेने तळे आधीच खुले केले होते.' या वाक्याच्या आधारे महाडची नगरपालिका पुरोगामी ठरते आणि दोष 'मागासलेल्या समाजा'वर जातो. वस्तुस्थिती वेगळी आहे. ठराव झाला होता. तळे खुले झाले नव्हते. (धागा)

२/ आधी घटनाक्रम. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत, असा त्याचा आशय. पुढच्याच महिन्यात सरकारने तो अमलात आणण्याचे आदेश काढले.

३/ महाड हे कुलाबा जिल्ह्यातील, सावित्रीकाठचे, व्यापारावर वाढलेले गाव. १९२४ साली तेथील नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांनी वापरण्यास आपली हरकत नाही, असा ठराव केला. पुढची तीन वर्षे त्या तळ्यावर एकही अस्पृश्य पाणी भरू शकला नाही. ठराव दप्तरात होता आणि तळ्याच्या काठावर जुनाच धाक होता.

४/ हे एकट्या महाडचे नव्हते. म्हणूनच १९२६ साली बोले पुन्हा उभे राहिले. जी नगरपालिका वा लोकल बोर्ड ठराव पाळणार नाही, तिचे अनुदान रोखावे, अशी शिफारस त्यांनी विधिमंडळाकडून करवून घेतली. तीन वर्षांत ठराव बजावण्यासाठी दुसरा ठराव करावा लागला, यातच पहिल्याचे वजन कळते.

५/ १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. परिषदेला आलेल्या हजारो माणसांसाठी पिण्याचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. त्याला चाळीस रुपये पडले. ज्या गावात तळे कागदोपत्री तीन वर्षे खुले होते, त्याच गावातील हा खर्च आहे.

६/ २० मार्चला परिषद शिस्तीत तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी पाणी प्राशन केले आणि त्यांच्यामागून सर्वांनी. थोड्याच वेळात अफवा उठली की, आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव लाठ्या घेऊन मंडपावर चालून आला. जेवणाऱ्या, परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांना मारहाण झाली. नंतर १०८ घागरी पाणी उपसून आणि पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले.

७/ आणि नगरपालिका? ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिने १९२४ चा आपला ठराव रद्द केला. बोले यांच्या ठरावाला त्याच दिवशी चार वर्षे पूर्ण होत होती. कोणी पाणी पीत नव्हते तोवर ठराव चालत होता. लोकांनी तो खरा मानून ओंजळ भरताच तो नकोसा झाला.

८/ येथे नेहमीचा बचाव पुढे येतो : 'नगरपालिका पुढारलेली होती, पण लोकमतापुढे तिचे काही चालले नाही.' प्रश्न असा की, कोणाच्या लोकमतापुढे? त्या काळी नगरपालिकेचा मताधिकार मालमत्ता आणि कर यांवर ठरत असे. ज्यांच्याकडे गावात घर, दुकान वा जमीन नव्हती, त्यांचे मत मोजलेच जात नव्हते.

९/ म्हणजे सभासद ज्यांच्या मतांवर निवडून येत, त्यांना तळे बंद हवे होते. ज्यांना ते खुले हवे होते, ते मतदारयादीत जवळजवळ नव्हतेच. ठराव रद्द करणे हा नगरपालिकेचा दुबळेपणा नव्हता. ती आपल्या मतदारांशी प्रामाणिक राहिली. दोष त्या यादीत होता, आणि आंबेडकर १९१९ सालीच साउथबरो समितीपुढे नेमके हेच मताधिकाराचे दुखणे मांडून आले होते.

१०/ व्यक्तींचे श्रेय मात्र नाकारता येत नाही. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे आणि गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे सवर्ण कार्यकर्ते परिषदेच्या बाजूने उभे राहिले. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी तर परिषदेसाठी जिवाचे रान केले. पण एक अध्यक्ष भला असला, म्हणून संस्था भली ठरत नाही. टिपणीसांच्या असण्याने ठराव रद्द होणे टळले नाही.

११/ शालेय पुस्तकांत लॉर्ड रिपन यांचा १८८२ चा ठराव हा स्थानिक स्वराज्याचा पाया म्हणून येतो. नगरपालिका ही लोकशिक्षणाची शाळा व्हावी, हा त्यामागचा विचार होता. त्या शाळेत प्रवेश कोणाला होता, हे पुस्तक सांगत नाही. महाडचा १९२७ चा ऑगस्ट त्या मौनाचे उत्तर आहे.

१२/ दुसरा बचाव 'अनादी रूढी'चा. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या काही सवर्णांनी दावा लावला. तळे खाजगी आहे, आणि ते आम्हीच वापरावे ही परंपरा आहे, असे त्यांचे म्हणणे. तात्पुरता मनाईहुकूम मिळाला, म्हणून २५ डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेत तळ्यावर जाणे स्थगित ठेवावे लागले. त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले.

१३/ खटला दहा वर्षे चालला. १९३१ साली महाडच्या न्यायालयात आणि १९३३ साली ठाण्याच्या अपिलात वादी हरले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला. तळ्याची जागा सरकारी असून ती नगरपालिकेकडे आहे. आणि अनादी म्हणता येईल अशी रूढी वादींनी सिद्ध केलेली नाही.

१४/ निकालातील न्या. ब्रूमफील्ड यांचे एक निरीक्षण इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे आहे. तळ्याभोवती सवर्णांची घरे उभी राहण्यापूर्वी ते पाणी आपल्यापुरते राखण्याचा प्रयत्न कोणी केला असेल, हेच शंकास्पद आहे, असे त्यांनी नोंदवले. म्हणजे ज्याला प्राचीन रूढी म्हटले जात होते, ते गावाच्या वाढीचे फळ असण्याचा संभव अधिक.

१५/ गाव वाढते तेव्हा रस्ते होतात, तळ्याकाठी घरे येतात, जागेला भाव येतो. काठावर राहणारा हळूहळू स्वतःला मालक समजू लागतो. दोन पिढ्या गेल्या की, त्याच समजुतीला 'पूर्वापार' हे नाव मिळते. बहिष्कार हा मागासलेपणाचा अवशेष आहे, प्रगती झाली की आपोआप संपेल, हा भाबडा समज महाडने खोटा ठरवला आहे.

१६/ मग नगरपालिका निरुपयोगी होती काय? तसेही नाही. १९२४ च्या ठरावाने सत्याग्रहींना कायद्याची भूमी दिली. आपण नवे काही मागत नाही, दिलेलेच घेतो, असे त्यांना म्हणता आले. आणि न्यायालयात तळे वाचले ते नगरपालिकेकडच्या सार्वजनिक मालकीमुळे. सभासदांनी पाठ फिरवली, दप्तराने साथ दिली.

१७/ आज प्रौढ मताधिकार आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येनुसार आणि स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा राखीव केल्या. पण महाराष्ट्रातील अनेक नगरपालिकांचा कारभार अलीकडे कित्येक वर्षे निवडणुकीविना प्रशासकांनी पाहिला, आणि फारसे कोणाला त्याचे वैषम्य वाटले नाही. रस्ते झाले, दिवे लागले, मग सभागृह रिकामे असले तर काय बिघडले, असा हा युक्तिवाद.

१८/ काय बिघडते, ते महाडने दाखवले आहे. १९२७ साली तळे होते, रस्ते होते, नगरपालिका होती आणि तिचा ठरावही होता. ज्यांना पाणी हवे होते, त्यांच्या हाती मत नव्हते. एखाद्या गावाची सुधारणा मोजायची असेल, तर कोनशिलेवरील नावांआधी मतदारयादी वाचावी आणि मग पाणवठ्यावर जाऊन पाहावे, तेथे कोण उभे आहे आणि कोण लांबून बघते आहे. (समाप्त)