गियर अडला म्हणून गिअरबॉक्स उतरवू नका



गळीत हंगाम जवळ आला की जुन्या जीपगाड्यांची डागडुजी सुरू होते. गियर कर्रकन वाजला की "गिअरबॉक्स गेला" असे ठरवून गाडी मिस्त्रीच्या दारात लावायची, ही रीत आम्हाला मान्य नाही. उसाची पाने पिवळी पडली की आपण युरियाचे पोते फोडतो. पण चुनखडीच्या रानात शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा दिसत असेल, तर भूक लोहाची असते आणि युरिया वाया जातो. गाडीचेही तसेच आहे. आधी निदान, मग खर्च.

पहिली परीक्षा फुकटची आहे. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गियर टाकून बघा. मग इंजिन चालू करा, ब्रेकवर पाय ठेवा, क्लच पूर्ण दाबून दोन-तीन सेकंद थांबा आणि पुन्हा टाका. बंद इंजिनवर गियर अलगद पडतो आणि चालू इंजिनवर, विशेषतः रिव्हर्सला, करकरतो, तर बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही. पेडलची मोकळी चाल वाढली असेल, केबल ताणली असेल, किंवा तेलावरचा क्लच असल्यास तेल गळून हवा शिरली असेल. ही कामे गिअरबॉक्स न उतरवता होतात.

बंद इंजिनवरही अडत असेल तर आधी गियरच्या दांड्याचे सांधे व बुश पाहा. एकच गियर वाजत असेल तर त्याच्या सिंक्रोमेशवर संशय घ्यावा. मात्र काही जुन्या जीपमध्ये पहिल्या गियरला सिंक्रोमेशच नसतो. चालत्या गाडीत तो वाजला तर दोष गाडीचा नव्हे, आपल्या घाईचा.

चढाला इंजिन ओरडते, गाडी रांगते आणि जळका वास येतो, तेव्हा क्लच घसरतोय. पेडलची मोकळी चाल संपली असेल तर ती जुळवून घ्या. किती ठेवायची ते गाडीच्या पुस्तिकेत असते. तरीही घसरला तर प्लेट झिजली, नाहीतर तिच्यावर तेल आले. गळके सील न बदलता नवी प्लेट टाकणे म्हणजे फुटक्या पाटाला पाणी सोडणे.

पेडल दाबताच घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग तपासा. न्यूट्रलमधली घरघर पेडल दाबताच थांबली, तर मात्र गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगकडे बघावे लागेल.

क्लचवर पाय ठेवून गाडी हाकणे आणि चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरणे, या दोन सवयी चांगली प्लेट खातात. गियर उडतो म्हणून किंवा डिझेल वाचते म्हणून उतारावर न्यूट्रल करणे तर जिवाशी खेळ आहे. इंजिनचा लगाम सुटला की सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. मागे उसाची ट्रॉली असली तर विचारूच नका.

ट्रॅक्टरलाही यातले बरेचसे लागू आहे. तो ऐन हंगामात खोलून पडला की तोडलेला ऊस फडात वाळतो, वजन आणि उतारा दोन्ही घटतात. म्हणून आमची सूचना अशी की, हंगामाआधी प्रत्येक गट कार्यालयात एक दिवस वाहन तपासणी ठेवावी. आणि गाडी खोलण्याआधी प्रत्येकाने मिस्त्रीला एकच प्रश्न विचारावा, "हे कशावरून म्हणता?" जाणता मिस्त्री रागावणार नाही. तो करून दाखवील.