विकावयाच्या घराची डागडुजी

गेल्या दोन-तीन महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकीं बरींच एकाच विषयावरचीं आहेत. वडील निवर्तले, एक बंधु बंगळुरास तर दुसरे परदेशीं स्थायिक झाले, भगिनी सासरीं आहेत, आणि पुण्यांतील राहतें घर विकून ज्याचा त्याला वांटा द्यावा असें सर्वानुमतें ठरलें आहे. एवढ्यांत कोणी दलाल सुचवितो कीं, विकण्यापूर्वीं दहा-बारा लाख घालून घराचें रूप पालटा, म्हणजे गिऱ्हाईक पाहतांक्षणींच भुलेल. हा सल्ला मानावा काय, असें आमच्या वाचकांचें विचारणें आहे.

आमच्या मतें हा सल्ला निम्माच खरा आहे. घरावर खर्च अवश्य करावा. परंतु तो गच्चीवर, नळांवर, विजेच्या तारांवर आणि कागदपत्रांवर करावा, दिवाणखान्याच्या शोभेवर नव्हे. असें कां म्हणतों, तें घेणाराच्या बाजूनें हिशेब मांडला म्हणजे ध्यानांत येईल.

समजा, घराची किंमत एक कोटी रुपये आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणें ७५ लाखांहून मोठें गृहकर्ज द्यावयाचें तर तें घराच्या किंमतीच्या ७५ टक्क्यांपलीकडे जातां येत नाहीं. म्हणजे या व्यवहारांत बँकेकडून फार तर ७५ लाख मिळणार. उरलेले २५ लाख घेणारानें पदरचे घालावयाचे. त्यावर पुणें महापालिकेच्या हद्दींत ७ टक्के मुद्रांकशुल्क, म्हणजे ७ लाख (खरेदी स्त्रीच्या नांवें असेल तर ६), शिवाय नोंदणीची फी ३० हजार. बिचाऱ्याची रोकड येथेंच संपत आली. अशा गृहस्थापुढें आपण आपल्या नव्या तक्तपोशीचे आणि झिलईदार कपाटांचे आणखी दहा लाख मागूं लागलों तर ते त्यानें आणावे कोठून? बँकेचा मूल्यमापक येतो तो क्षेत्रफळ, बांधकामाचें वय, मजबुती आणि त्या भागांतील व्यवहार पाहतो; कपाटांची झिलई त्याच्या हिशेबांत फारशी येत नाहीं. आणि आपल्या आवडीचा रंग व आपल्या आवडीची फरशी घेणाराला आवडेल असें तरी कोठें आहे? पुष्कळदां तो घरांत पाऊल टाकण्यापूर्वींच ती उखडून टाकतो.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाचें उदाहरण येथें सांगण्यासारखें आहे. १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर शहर पर्वतीच्या बाजूला वाढूं लागलें, त्या वेळचें त्यांचें दुमजली घर. विकण्याचें ठरतांच त्यांनीं दिवाणखान्याला फॉल्स सीलिंग करून घेतलें, भिंतींना पुट्टी लावून भारी रंग दिला. घर पाहावयास मंडळी आलीं तीं नेमकीं आषाढांत. त्यांच्यांतील एक वृद्ध गृहस्थ छताच्या दिव्यांकडे न बघतां सरळ माजघराच्या कोपऱ्यांत गेले आणि त्यांनीं भिंतीवर तळहात ठेवला. मंडळींनीं चहा घेतला, घराची तोंड भरून स्तुति केली, आणि पुन्हां तीं फिरकलीं नाहींत.

ओल हा जुन्या घराचा पहिला शत्रु होय, आणि तिचें मूळ शोधल्यावांचून केलेला उपाय म्हणजे तापाच्या रोग्यास नुसती पावडर लावणें होय. वरून येणारी ओल बहुधा गच्चींतून येते. कोब्याला चिरा गेलेल्या असतात, पाण्याचा उतार पन्हळीकडे राहिलेला नसतो, किंवा कठड्याच्या सांध्यांत पिंपळाचें रोप रुजलेलें असतें. पिंपळाला हात लावावयास आपल्याकडील वडील मंडळी कचरतात. परंतु नुसता शेंडा छाटल्यानें मुळें मरत नाहींत, तीं वीट दुभंगीत राहतात. रोप लहान आहे तोंवरच मुळांसकट काढून अन्यत्र लावावें, म्हणजे मनालाहि टोंचणी राहत नाहीं. बाजूनें येणारी ओल न्हाणीघरांतून व मोरींतून येते. तेथें फरशीखालचा थर नवा करून, फरशी बसविण्यापूर्वीं दोन दिवस पाणी कोंडून पाहावें. खालच्या मजल्यावर जमिनींतून चढणारी ओल वेगळीच: ती पायापासून हात-दोन हात उंचीपर्यंत येते, पांढरा क्षार आणते आणि गिलाव्याचे पोपडे पाडते. तिच्यावर तैलरंग दिला तर वाफ आंत कोंडते व ओल आणखी वर सरकते.

ही सर्व कामें माघापासून वैशाखापर्यंतच्या कोरड्या दिवसांत करावीं, आणि शक्य असेल तर एक पावसाळा जाऊं द्यावा. श्रावणांत कोरडी राहिलेली भिंत पाहून गिऱ्हाइकाचा जो विश्वास बसतो, तो कोणत्याहि रंगानें बसणार नाहीं.

डाग झांकून घर विकूं पाहणारांनीं आणखी एक गोष्ट जाणून असावी. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५ व्या कलमान्वयें, जो महत्त्वाचा दोष विकणाराला ठाऊक आहे, घेणाराला ठाऊक नाहीं व साधारण काळजी घेऊनहि त्याच्या ध्यानांत येण्याजोगा नाहीं, तो उघड करणें हें विकणाराचें कर्तव्य आहे. न सांगणें ही कायद्याच्या दृष्टीनें फसवणूक ठरते. तेव्हां पुट्टीखालीं गाडलेली ओल पुढें न्यायालयांतहि वर येऊं शकते.

विजेविषयीं थोडक्यांत सांगतों. साठ-सत्तर सालच्या घरांत कित्येक ठिकाणीं जमिनीची तिसरी तारच नसते, आणि त्या काळच्या तारा आजच्या वातानुकूल यंत्राचा व गीझरचा भार सोसण्यासाठीं घातलेल्या नव्हत्या. तारा बदलून ३० मिलिअँपिअरला तुटणारा आर.सी.सी.बी. बसवून घ्यावा. जुने लोखंडी नळ आंतून गंजून अर्धे बुजलेले असतात, तेहि याच वेळीं बदलावे. आधीं नळ व तारा, मग गिलावा, सर्वांत शेवटीं रंग. हा क्रम उलटला कीं तेंच काम दोनदां करावें लागतें. रंग फिका व साधा असावा.

खोल्या मोठ्या दिसाव्या म्हणून मधली भिंत पाडण्याची सध्यां फॅशन आहे. ज्या घराचा भार खांब-तुळयांवर नसून भिंतींवरच आहे, तेथें असें करणें जिवावर बेतण्यासारखें आहे. अनुभवी स्थापत्यतज्ज्ञाला विचारल्यावांचून व महापालिकेची परवानगी लागते किंवा काय हें पाहिल्यावांचून भिंतीला सुद्धां धक्का लावूं नये. परवानगीवांचून केलेलें बांधकाम घेणाराच्या बँकेनें मंजूर नकाशाशीं ताडून पाहिलें कीं सगळा व्यवहारच अडतो. वास्तुशास्त्राच्या नांवाखालीं स्वयंपाकघर हलविण्याच्या भरीसहि पडूं नये. येणारा आपला शास्त्री घेऊन येईल.

उलट जें जुनें चांगलें आहे तें राखावें. सागवानी दारें घांसून तेलपाणी केलें तर नव्या फ्लश दारांना लाजवितात. शहाबादी फरशी नुसती पॉलिश करून घेतली तरी घराला तेज येतें. मोझाईकच्या फरशांचेंहि तेंच. खर्च करावयाचाच तर खालच्या मजल्यावरील न्हाणीघर व शौचकूप वृद्धांच्या सोयीचें करावें, कारण मोठें घर घेणाऱ्या कुटुंबांत आजी-आजोबा बहुधा असतातच.

फ्लॅट असेल त्यांनीं एवढें पाहावें: सहकारी गृहरचना संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणें १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची पांच वर्षांतून एकदां व त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदां बांधकाम-तपासणी व्हावयाची असते. तिचा अहवाल हातीं असणें हें नव्या स्वयंपाकघराहून अधिक मोलाचें आहे.

आतां कागदपत्रें. घेणाराचा वकील पहिला प्रश्न विचारतो तो बहिणींचा. वडिलांनीं मृत्युपत्र केलेलें नसेल तर त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतींत मुलगी १९५६ च्या वारसा कायद्यापासून वारस आहेच, आणि एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतींत २००५ च्या दुरुस्तीनें तिला मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. 'ताई कांहीं मागणार नाहीं' हें घरांत ठीक. दस्तांत चालत नाहीं. ताईंचें खरोखरच तसें मन असेल तर नोंदलेलें हक्कसोडपत्र आधीं करून घ्यावें, नसेल तर त्यांचा वांटा त्यांना द्यावा, आणि त्यांना रंगकामाच्या बैठकीसहि बोलवावें. कारण डागडुजीचा पैसा अखेर सर्वांच्याच वांट्यांतून जातो. पुण्यांत राहणाऱ्या बंधूंनीं आपल्या खिशांतून खर्च करावा आणि हिशेबाच्या दिवशीं इतरांनीं 'आम्हांस कोणीं विचारलें होतें?' म्हणावें, असे प्रसंग आम्हीं पाहिले आहेत. काम सुरू होण्यापूर्वींच अंदाजपत्रक सर्वांस पाठवून लेखी संमति घ्यावी, व तेवढी रक्कम विक्रीच्या पैशांतून प्रथम वजा करावी.

पावत्या मात्र जपून ठेवाव्या. १ एप्रिल २००१ नंतर घराच्या टिकाऊ सुधारणेवर झालेला खर्च भांडवली नफा मोजतांना वजा मिळतो. नुसत्या रंगसफेतीचा मिळत नाहीं. २३ जुलै २०२४ पूर्वीं घेतलेल्या घराच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर भारतांत राहणाराला महागाईचा निर्देशांक न लावतां १२.५ टक्के किंवा तो लावून २० टक्के, यांपैकीं जो कमी पडेल तो कर द्यावा लागतो. परदेशीं राहणाऱ्या बंधूस ही निवड नाहीं, म्हणून त्यांचा हिशेब निराळा मांडून घ्यावा, आणि तो बयाणा घेण्यापूर्वीं.