करारांवर जगणारे बेट

मॉरिशसबद्दल आपल्याकडे दोन मते पक्की आहेत, आणि पुष्कळदा ती एकाच माणसाच्या तोंडून ऐकू येतात. पहिले मत व्याख्यानमालेतले: खुला बाजार, परकीय भांडवल आणि हलके कर यांच्या जोरावर एक दरिद्री ऊसमळा आफ्रिकेतल्या सधन देशांच्या पंक्तीत जाऊन बसला, मग आपल्याला काय धाड भरली आहे? दुसरे मत करचुकवेगिरीची चर्चा निघाली की बाहेर येते: मॉरिशस म्हणजे पोर्ट लुईमधल्या कंपन्यांच्या पाट्या, जिथे भारतातला काळा पैसा आंघोळ करून, कपडे बदलून परत येतो. मराठी वृत्तपत्रांपुरते तिसरेही एक मॉरिशस आहे, गणेशोत्सवाच्या छायाचित्रांचे. ते गोड आहे. पण मुंबई बंदरातून गेलेल्या गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजुरांच्या नातवंडांनी त्या बेटावर केवळ आरत्या म्हटल्या नाहीत. त्यांनी संप केले, मते दिली, सरकारे पाडली. आपली उत्सुकता तिथवर पोचत नाही, म्हणूनच पहिली दोन मते बिनबोभाट चालतात.

आधी चमत्काराचा पूर्वपक्ष पाहू. त्याची सुरुवात नेहमी अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांच्यापासून होते. ब्रिटिश वसाहत सरकारसाठी त्यांनी १९६१ मध्ये मॉरिशसचा अहवाल लिहिला आणि भविष्य काळे रंगवले. एकच पीक, वाढती बेकारी आणि भरमसाट वाढणारी लोकसंख्या. हिवताप आटोक्यात आल्याने मृत्युदर कोसळला होता, जन्मदर जिथल्या तिथे होता. पुढे मीड यांना नोबेल मिळाले आणि मॉरिशसला समृद्धी. तेव्हापासून ‘बघा, नोबेलवाला चुकला आणि बाजार जिंकला’ ही कथा सांगणाऱ्यांची चैन झाली.

या मंडळींनी मीड वाचलेला नसतो. जास्त हात लागतील असे हलके कारखाने काढा, मजुरी आवरा, कुटुंबनियोजन करा, असे मीड यांनीच सुचवले होते. मॉरिशसने यातले बरेचसे केले. कुटुंबनियोजनाचे उदाहरण घ्या. बेटावर कॅथलिक चर्चचे वजन मोठे. विरोध झाला, वाद झाले, आणि शेवटी तोडगा निघाला तो असा की एक संस्था आधुनिक साधने देईल, दुसरी चर्चला मान्य असलेली नैसर्गिक पद्धत शिकवील, आणि सरकार दोघींच्या पाठीशी उभे राहील. साठच्या दशकाच्या सुरुवातीला बाईमागे सहाच्या आसपास असलेली मुले सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत निम्म्यावर आली. यात बाजार कुठे आला? ही तर वाटाघाट होती.

हीच वाटाघाट पुढे सगळीकडे दिसते. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा निर्यातीतला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग साखरेचा होता आणि मळे मूठभर फ्रेंच वंशाच्या घराण्यांचे होते. स्वातंत्र्याच्या दोन महिने आधी पोर्ट लुईत दंगली उसळून ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले होते. १९६७ च्या निवडणुकीत चव्वेचाळीस टक्के मते स्वातंत्र्याच्या विरोधात गेली होती. अशा देशात खुला बाजार मोकाट सोडला असता तर काय झाले असते, याचा अंदाज कोणीही करावा.

१९७४ मध्ये जागतिक बाजारात साखरेचे भाव विक्रमी चढले. बाजारावर श्रद्धा असती तर मॉरिशसने तो भाव घेऊन दिवाळी केली असती. त्याने उलटे केले. युरोपीय समुदाय आणि पूर्वीच्या वसाहती यांच्यातल्या १९७५ च्या लोमे कराराबरोबर झालेल्या साखर मसुद्यात त्याने युरोपकडून दीर्घ मुदतीचा, ठरलेल्या भावाचा कोटा मागून घेतला. एकूण सुमारे तेरा लाख टनांच्या कोट्यापैकी पाच लाख टनांच्या आसपास वाटा या एकट्या बेटाच्या पदरात पडला, सगळ्यांत मोठा. पुढच्या अडीच दशकांत युरोपने दिलेला भाव जागतिक भावाच्या सरासरी जवळजवळ दुप्पट होता. कापडाचेही तेच. १९७० चा निर्यात क्षेत्र कायदा सगळे सांगतात, पण हाँगकाँगचे कारखानदार तिथे धावले ते मॉरिशसच्या हवेसाठी नव्हे. हाँगकाँगच्या कपड्यांवर श्रीमंत देशांनी बहुतंतू करारान्वये कोट्याचे बंधन घातले होते आणि मॉरिशसचा कोटा मोकळा होता. शिवाय हे ‘क्षेत्र’ कुंपणातले नव्हते. बेटावर कुठेही कारखाना काढा, सवलत त्या कारखान्याला. आणि त्याच काळात देशी बाजारासाठी माल बनवणाऱ्यांना चढ्या आयातशुल्काची भिंत होती. एका हाताने दार उघडे, दुसऱ्या हाताने बंद. अरविंद सुब्रमण्यन आणि देवेश रॉय यांनी २००१ मध्ये नाणेनिधीसाठी लिहिलेल्या निबंधात हेच दाखवले आहे की सरधोपट खुलेपणाने मॉरिशसचे कोडे सुटत नाही. सुब्रमण्यन पुढे आपल्याच सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार झाले. त्यांना समाजवादी म्हणून झटकता येणार नाही.

आता घरातला हिशेब. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांनी साखर मळ्यांचे राष्ट्रीयीकरण केले नाही. साखरेच्या निर्यातीवर कर बसवला आणि तो पैसा लोकांकडे वळवला. सर्वांना वार्धक्य निवृत्तिवेतन तर स्वातंत्र्याच्याही आधी, १९५८ मध्ये आले होते. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. तांदूळ आणि पीठ सरकारी भावात. १९७९ आणि १९८१ मध्ये नाणेनिधीच्या छत्राखाली रुपयाचे अवमूल्यन झाले, पट्टे आवळले गेले, तरी मोफत शाळा आणि पेन्शन टिकली. ‘आधी वाढ, मग वाटप’ असे आपल्याकडे शिकवले जाते. या बेटाने वाटपाचा वायदा आधी केला, म्हणून लोकांनी वाढीची वाट पाहिली.

या चित्रात खड्डे आहेत आणि ते बुजवायचे कारण नाही. स्वातंत्र्याला विरोध करणारे गेतां दुवाल १९६९ मध्ये रामगुलाम यांच्याच सरकारात आले. या समेटाने दंगलीची धग गेली, पण १९७१ मध्ये डावे नेते पोल बेराँजे यांच्या चळवळीचे संप मोडण्यासाठी आणीबाणीही आली आणि निवडणूक १९७६ पर्यंत लांबली. निर्यात कारखान्यांत नव्वद हजारांच्या आसपास माणसे लागली, त्यांत बहुसंख्य बाया. त्यांचे किमान वेतन कायद्यानेच पुरुषांपेक्षा कमी होते. चमत्काराची पहिली किंमत त्यांनी मोजली. आफ्रिकी गुलामांचे वंशज असलेले क्रिओल मागे राहिले, आणि १९९९ मध्ये काया हा गायक पोलीस कोठडीत मेला तेव्हा तो राग रस्त्यावर आला. तरीही १९८२ मध्ये विरोधकांनी मुख्य बेटाच्या साठच्या साठ जागा जिंकल्या आणि रामगुलाम मुकाट पायउतार झाले. वसाहतीतून नुकत्याच सुटलेल्या किती देशांत हे घडले?

दुसरा पूर्वपक्ष आपल्या जास्त जवळचा, कारण त्यात आपला पैसा आहे. भारत आणि मॉरिशस यांच्यातला दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार १९८२ मध्ये झाला. भांडवली नफ्यावर कर फक्त गुंतवणूकदाराच्या देशाने घ्यायचा असे त्यात ठरले, आणि मॉरिशसमध्ये भांडवली नफ्यावर कर नव्हता. दहा वर्षे त्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. १९९२ मध्ये आपण शेअरबाजार परकीय संस्थांना उघडला, त्याच वर्षी मॉरिशसने परदेशी कंपन्यांच्या नोंदणीचा कायदा केला, आणि जुना कागद सोन्याचा झाला. २००० नंतर बरीच वर्षे भारतातल्या थेट परकीय गुंतवणुकीचा सुमारे एक तृतीयांश भाग या वाटेने आला.

यात खोट नव्हती असे मी म्हणणार नाही. तेरा लाख वस्तीच्या देशातून इतके भांडवल उगवत नाही, हे काळ्या पैशावरच्या २०१२ च्या श्वेतपत्रिकेत आपल्या अर्थखात्यानेच लिहिले आहे. पण चोर कोण? २००० साली आयकर अधिकाऱ्यांनी परकीय संस्थांना नोटिसा काढल्या, बाजार घसरला, आणि एप्रिलमध्ये दिल्लीनेच परिपत्रक काढून मॉरिशसचे निवासी प्रमाणपत्र पुरेसे मानले. ‘आझादी बचाओ आंदोलन’ने त्याला आव्हान दिले, सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये परिपत्रक उचलून धरले आणि विकसनशील देश भांडवल ओढण्यासाठी अशा वाटा जाणूनबुजून चालू देतात, असेही नोंदवले. १० मे २०१६ रोजी भारताने कराराची दुरुस्ती करून घेतली. १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरांवरच्या नफ्यावर आता भारत कर घेतो. म्हणजे दार बंद करणे आपल्या हातात होते आणि आपण ते पंचवीस वर्षे बंद केले नाही. पाहुणा दारातून आला म्हणून दाराला शिव्या देणे हा शहाणपणा नव्हे.

माझा पक्ष असा. लहान बेटाकडे बाजारपेठ नसते, सैन्य नसते, खनिजे क्वचितच असतात. सार्वभौमत्व असते, म्हणजे सही करण्याचा अधिकार. मॉरिशसने साखरेचा भाव, कापडाचा कोटा, कराची सवलत हे सगळे त्या एका अधिकारातून काढले, आणि एक करार संपत आला की दुसरा शोधला. कापडाचा कोटा २००५ मध्ये गेला, साखरेचा मसुदा २००९ मध्ये. बेट बुडाले नाही, कारण मधल्या काळात त्याने शाळा बांधल्या होत्या.

हा अधिकार नसला तर काय होते, तेही याच देशाने पाहिले आहे. १९६५ मध्ये स्वातंत्र्याची बोलणी लंडनमध्ये चालू असताना ब्रिटनने चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडून घेतला आणि तीस लाख पौंड टेकवले. त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा तळ व्हायचा होता. १९७३ पर्यंत तिथली दीड-दोन हजार माणसे उचलून मुख्यतः मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर सोडली गेली. त्यांच्यासाठी १९७२ मध्ये ब्रिटनने दिलेले साडेसहा लाख पौंड मॉरिशस सरकारने पाच वर्षे वाटलेच नाहीत, आणि महागाईने ते खाल्ले; हा डाग पोर्ट लुईचा. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये तेरा विरुद्ध एक मताने सांगितले की हे विभाजन कायदेशीर नव्हते. २२ मे २०२५ रोजी ब्रिटनने सार्वभौमत्व परत करण्याच्या करारावर सही केली: दिएगो गार्सिया नव्व्याण्णव वर्षांच्या भाड्याने, वर्षाला सरासरी दहा कोटी पौंडांहून अधिक. तीस लाखांचा सौदा आणि हा सौदा यांत जमीन तीच आहे. फरक आहे तो पहिल्या वेळी मॉरिशस वसाहत होते आणि दुसऱ्या वेळी देश, हा. ज्यांची ती घरे होती त्या चागोसवासीयांना मात्र दोन्ही वेळा टेबलावर जागा नव्हती.

आणि आता त्या टेबलाशी आपणही बसलो आहोत. मॉरिशसच्या उत्तरेला, हजार किलोमीटरवर, अगालेगा ही त्यांची तीनशेएक वस्तीची जोडबेटे आहेत. २०१५ च्या समझोत्यानुसार भारताने तिथे तीन किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का बांधला. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी दोन्ही पंतप्रधानांनी त्यांचे उद्घाटन केले. समझोत्याच्या अटी उघड करायचे तेव्हाच्या मॉरिशस सरकारने टाळले, आणि दिल्लीनेही त्या सांगितल्या नाहीत. करकराराचा हिशेब मॉरिशसकडे मागणाऱ्या आपल्या खासदारांनी अगालेगाच्या अटींचा हिशेब आपल्या सरकारकडे मागावा.