सूर्य किती बोटे उरला?

चैत्र सरत आला की बस्तीच्या फलकावर संस्कार शिबिरांच्या सूचना लागतात. शहरात पोहण्याचे, चित्रकलेचे, बुद्धिबळाचे वर्ग सुरू होतात आणि मुलांच्या सुट्टीतील एकही तास मोकळा राहू नये याची काळजी पालक मोठ्या तत्परतेने घेतात. यात वाईट काही नाही. शिबिरात पाठ केलेले भक्तामर स्तोत्र आयुष्यभर सोबत करते. परंतु ज्या घरातील ही हकीकत आहे, त्या घरात यंदा शिबिराचा अर्ज भरूनही तो टेबलाच्या खणातच राहिला.

सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठचे गाव. घरात मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाचाचा. आई तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरीला, वडील साखर कारखान्यात पाळीने कामाला. आजवरच्या साऱ्या उन्हाळ्यांत ही मुले आजीच्या हाताखाली असत. आई सकाळी साडेनऊला घर सोडी आणि परते तेव्हा दिवेलागण झालेली असे. आजीचे रात्रीभोजनत्यागाचे व्रत होते. मुलांनाही ती दिवसाउजेडीच जेवू घाली. सुनेचे ताट मात्र ती झाकून ठेवी. सून उशिरा जेवते याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही. तरी त्या झाकलेल्या ताटाचा सुनेला वर्षानुवर्षे बोचरा राग येत असे. बोलली असती तर उत्तर तरी देता आले असते!

आजी यंदा पौषात गेली. वैशाखात सुट्टी लागली तेव्हा मुलांना सांभाळायला घरात कोणी नव्हते. आईने दीड महिन्याची रजा घेतली, त्यातली निम्मी बिनपगारी. भिंतीवर तिने वेळापत्रक लावले. शुद्धलेखन, पाढे, णमोकार मंत्राचा जप, चित्रकला, झोप. पहिल्या चार दिवसांतच त्या कागदाचा एक कोपरा सुटून लोंबू लागला आणि घरात दिवसभर एकच वाक्य ऐकू येऊ लागले, "आजी असं नव्हती करत."

आईला ते वाक्य लागे. आपल्या मुलांचा दिवस कसा असतो हे आपल्याला ठाऊकच नाही, हे तिच्या ध्यानात येत होते, आणि ते कबूल करणे अवघड होते.

दुसऱ्या आठवड्यातली एक दुपार. ऊन असे की अंगणातली फरशी पायाला चटका देत होती. परसातल्या आडाचे पाणी शेंदून, दुहेरी जाड वस्त्रातून गाळून आईने नुकतीच पितळी कळशी भरून ठेवली होती. मुलाने ती उचलायचा प्रयत्न केला आणि सारे पाणी स्वयंपाकघरभर झाले. आईचा हात उठला. पाठीत धपाटा बसल्यावर तो रडला नाही. ओल्या फरशीवर उभा राहून म्हणाला, "चिमण्यांच्या परळात घालायचं होतं. त्यांना न गाळलेलं कसं द्यायचं?"

आई तिथेच बसली. मुलगी पुढे झाली आणि आजी कसे करी ते तिने सांगितले. पाणी गाळायचे, मग गाळणे उलटे करून त्यावर थोडे गाळलेले पाणी ओतायचे आणि ती जिवाणी पुन्हा आडात सोडायची. ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात परत. वरून फेकायची नाही, भांडे पाण्यापर्यंत नेऊन अलगद सोडायची. गाळलेले पाणी एका मुहूर्तापुरते, म्हणजे 48 मिनिटे, मग पुन्हा गाळायचे. आईला यातले काहीच नवे नव्हते. ती स्वतः बस्तीच्या पाठशाळेत हे शिकली होती. पण हल्ली ती जिवाणी मोरीत ओतत असे, घाईत. मुलीने तेही पाहिले होते आणि ती काही बोलली नव्हती. अगदी आजीसारखी!

त्या दुपारी तिघांनी मिळून पुन्हा पाणी शेंदले. दोराला मुलाचे हात लागले म्हणजे पोहरा वर येण्याऐवजी हेलकावेच अधिक खाई आणि निम्मे पाणी परत आडात जाई. पूर्वी अशा वेळी आईने त्याला बाजूला केले असते. त्या दिवशी घाई कसली? कामावर जायचे नव्हते. परळ भरले. पाऊण तास दाराच्या सावलीत तिघेही बसून राहिले, आणि शेवटी एक चिमणी आली. ती प्यायली नाही, पाण्यात उतरून आंघोळच करून गेली. मुलगा इतका हसला की त्याला उचकी लागली.

रात्री झोपताना आईने त्याच्यापुढे हात जोडून धपाट्याची क्षमा मागितली. पर्युषणानंतरच्या क्षमावाणीला ती साऱ्या गावाची मागते, स्वतःच्या मुलाची कधी मागितली नव्हती. त्याने विचार केला आणि उलट विचारले, "आणि मुंग्यांची? पाणी सांडलं तेव्हा त्या वाहून गेल्या." दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी चिमूटभर पीठसाखर ठेवण्यात आली. तीही आजीचीच जागा होती, असे नंतर कळले.

वेळापत्रक त्यानंतर कोणी काढले नाही, ते आपोआप गळून पडले. शुद्धलेखन झाले, पण सांडग्यांच्या राखणीला गच्चीच्या जिन्यात बसून. पाढे झाले, ते कुरडया मोजताना. सतराच्या पाढ्याशी मुलगी अडली की मुलगा खुशाल एक कुरडई उचलून तोंडात टाकी, आणि हिशेब पुन्हा पहिल्यापासून. दुपारी वीज गेली की तिघे माजघरातल्या शहाबादी फरशीवर ओला पंचा पसरून त्यावर आडवे होत. काही न करता पडून राहण्यात इतके सुख असते हे आई विसरली होती.

अक्षय्य तृतीयेला बस्तीत उसाच्या रसाचे वाटप झाले. हस्तिनापुरात राजा श्रेयांसाने भगवान ऋषभदेवांना इक्षुरसाचा आहार दिला, त्याची ती आठवण. उसाच्या मुलखातल्या मुलांना या कथेचे फार अगत्य. घरी आल्यावर आईने आदिपुराणातला दुसरा प्रसंग सांगितला. दीक्षेपूर्वी ऋषभदेवांनी ब्राह्मी आणि सुंदरी या दोन्ही मुलींना मांडीवर घेतले, उजव्या हाताने ब्राह्मीला लिपी शिकवली आणि डाव्या हाताने सुंदरीला अंक. मुलीने लगेच शंका काढली, "दोन्ही मांड्या भरल्या, मग भरत-बाहुबली कुठे बसले?" आईला उत्तर सुचेना. तेवढ्यात मुलाने तिची एक मांडी बळकावली. शंका काढणारीला मग दुसरीवर बसणे भागच पडले, आठ वर्षांची असली तरी. पुराणकारांनी एवढ्या मोठ्या राजाला मुलींचे अक्षर गिरवून घेण्याइतका वेळ दिला आहे, ही गोष्ट आपल्याकडे प्रवचनांत फारशी सांगितली जात नाही.

पण या उन्हाळ्यातली सर्वांत मोठी मौज संध्याकाळची होती. जेवणे गच्चीवर होत. भाकरी, दुधीची भाजी, वाटीभर आमरस. पश्चिमेला उसाचे फड आणि त्यांवर उतरणारा सूर्य. मुलगा हात लांब करून, बोटे आडवी धरून सूर्य आणि फडाची कड यांमधले अंतर मोजी आणि घोषणा करी, "चार बोटं राहिला!" मग घास भराभर उचलले जात. "दोन बोटं! पाणी प्या!" शेवटचा घोट कोण घेतो यावर पैज. आईने एकदा घड्याळ लावून पाहिले. एका बोटाला आठ-नऊ मिनिटे लागत होती.

"हे कुणी शिकवलं?" तिने विचारले.

"आजीनं. पण ती पाच बोटं असतानाच उठायची," मुलगी म्हणाली. "आम्ही शेवटच्या बोटापर्यंत बसायचो. तुझी वाट बघत."

हाताची पाचही बोटे म्हणजे जवळजवळ दोन घटका. व्रती माणसे सूर्यास्तापूर्वी तेवढा अवधी सोडतात, हा हिशेब आईने मनात केला. आणि मुलांचा हिशेब वेगळा होता, तोही तिला त्याच क्षणी समजला. आजी पानावरून उठून ताट झाकी, आणि तरी या दोघांना शेवटच्या बोटापर्यंत गच्चीवर बसू देई; एखादे दिवशी सून उजेडी येईल म्हणून. आईने आमरसाची वाटी खाली ठेवली. पौषापासून न आलेले रडे तिला त्या संध्याकाळी आले. मुले गोंधळली. मुलाने आपल्या परीने उपाय केला, "रडू नको, अजून एक बोट आहे."

जूनच्या मध्यावर शाळा उघडली, रजा संपली. शेजारच्या काकू शाळेनंतर मुलांना बघायला तयार झाल्या. पतसंस्थेत आईने अर्धा तास आधी येऊन अर्धा तास आधी निघण्याची परवानगी मागितली. ती मिळाली, पण महिन्याभरापुरती आणि थोड्या कुरकुरीनंतर. पुढचे पुढे.

पहिल्या दिवशी तिची एसटी गावच्या फाट्यावर पोहोचली तेव्हा आकाश पार भरून आले होते. सूर्याचा मागमूस नव्हता, आणि पावसाचे टपोरे थेंब पडू लागले होते. पदर डोक्यावर घेऊन ती बोळात वळली. गच्चीच्या कठड्याशी दोन छत्र्या दिसल्या. धाकटी छत्री वाकडी होती, कारण धरणाऱ्याचा एक हात ढगांकडे लांब केलेला होता.

"आई, पळ! तीन बोटं आहे अजून!"