आजीचा डबा आणि खरादावरचं जस्त

मंडळी, या वेळी आधी एक कबुली देतो. मागच्या दिवाळीत मी आजीचा बिदरीचा पानडबा घासला. चिंच आणि मीठ लावून, तांब्याची भांडी घासतात तसा. काळा पडलाय, जरा चकचकीत करू, एवढाच हेतू होता. पंधरा मिनिटांत डबा राखाडी झाला, आणि चांदीच्या वेलीचं एक पान निघून मोरीत वाहून गेलं.

आजीने डबा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाली, "काळाच असतो रे तो." बाकी काही बोलली नाही. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आजी 1955 साली उदगीरहून लग्न होऊन भालकीला आली. तेव्हा दोन्ही गावं बीदर जिल्ह्यातच होती. पुढच्याच वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली. उदगीर मुंबई राज्यात गेलं आणि भालकी म्हैसूर राज्यात. तिचं माहेर जागचं हललं नाही, पण ते दुसऱ्या राज्यात गेलं. हा डबा तिच्या आईने रुखवतात दिलेला. म्हणजे मी नेमकं काय घासलं होतं, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

दिवाळी संपताच डबा पंचात गुंडाळून बीदर गाठलं. चौबाऱ्याकडून महमूद गवानच्या मदरशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बिदरीची दुकानं आहेत. तिथे विचारत विचारत एका गल्लीतल्या कारखान्यात पोचलो. कारखाना म्हणजे एक मोठी खोली. साठीतल्या एका चाचांनी डबा घेतला, झाकण उघडलं आणि तळ उजेडाकडे धरला.

"हौ. ये खराद का काम है," ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं. काळा थर गेल्यामुळे तळावर अगदी बारीक, एकात एक बसलेली वर्तुळं दिसत होती. बीईच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये मी लोखंडी सळीवर अशीच वर्तुळं काढली होती. खराद म्हणजे आपलं लेथ मशीन. आजवर माझ्या डोक्यात खराद म्हटलं की लाकूडच यायचं. सावंतवाडीची खेळणी, चन्नपट्टणची खेळणी, पाळण्याचे खांब. जगात मात्र लोकांनी खरादावर काय काय चढवलंय! रशियाचा झार पीटर द ग्रेट हौसेने हस्तिदंत कातायचा. आज हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे, ते योग्यच आहे. शिंग, हाड, नारळाची करवंटी, सगळं कातता येतं. आणि आपल्या बीदरमध्ये जस्त कातलं जातं, हे मला तिशी उलटल्यावर कळलं.

बिदरीचा धातू म्हणजे साधारण सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबं. जस्त 420 अंशांच्या आसपास वितळतं आणि तांब्याला 1085 अंश लागतात. त्यामुळे हे मिश्रण लहान भट्टीतही ओतता येतं. हल्ली वाळूत एरंडेल आणि राळ मिसळून साचा करतात. जुनी पद्धत अजून मजेशीर होती. माती आणि शेणाचा गाभा आधी खरादावर गोल करायचा, त्यावर मेणाचा थर द्यायचा, तो थरही खरादावर हव्या त्या जाडीचा करायचा, वरून माती लिंपायची, मग मेण वितळवून त्या जागी धातू ओतायचा. म्हणजे एका सुरईसाठी खरादावर माती चढायची, मेण चढायचं आणि शेवटी धातू चढायचा. यात लाकूड कुठेच नाही.

चाचांनी ओतलेली एक छोटी वाटी खरादावर लावून दाखवली. खरादाला आता विजेची मोटर आहे. त्यांचे वडील कातायचे तेव्हा दुसरा माणूस पट्टा ओढून तो फिरवायचा. मी कॉलेजात कातलेल्या लोखंडाची चिप लांब, वळ्यावळ्यांची निघायची. इथे तुकडे तुटून पडत होते, जाड्याभरड्या रव्यासारखे. हा धातू ठिसूळ. हत्यार जोरात टेकवलं की काठाचा टवका उडतो. लाकडाला रेषा असतात, त्या धरून हत्यार चालवता येतं. इथे रेषा नाहीत, त्यामुळे सगळा अंदाज हाताचा आणि कानाचा. आवाज बदलला की चाचा हत्यार मागे घेत होते.

"एवढं गुळगुळीत कशाला? वर नक्षीच तर काढायची आहे," मी विचारलं. त्यांनी वाटी माझ्या हातात दिली आणि कडेवरून बोट फिरवायला सांगितलं. भिंत सगळीकडे सारख्या जाडीची हवी. पुढे मोरचुदाचं पाणी लावून ती तात्पुरती काळी करतात, त्यावर नक्षी आखतात, छिन्नीने कोरतात आणि त्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवतात. भिंत एका जागी पातळ राहिली तर छिन्नी आरपार जाते, मग आधीचे सगळे दिवस फुकट. चांदी बसल्यावर पुन्हा खरादावर जाता येत नाही. आमच्या कोडसारखं जुन्या आवृत्तीवर परत जाणं इथे नाही.

शेवटी येतो काळा रंग. बीदर किल्ल्यात जिथे ऊन-पाऊस पोचत नाही तिथली माती आणायची. माती चांगली की नाही हे कारागीर जिभेवर ठेवून ओळखतात. त्यात नवसागर मिसळून गरम भांड्यावर लावलं की पृष्ठभागावरचं जस्त झिजतं, उरलेलं तांबं काळं पडतं आणि चांदीला काही होत नाही. हा काळेपणा म्हणजे मळ नव्हे, तीच या कलेची शेवटची पायरी. मी चिंचेने ती उतरवली होती.

"काळा होईल परत," चाचा म्हणाले. "पान बसवू का नवीन?" मी फोन लावून आजीला विचारलं. ती म्हणाली, "नको. आईच्या वेळची जेवढी आहेत तेवढी राहू देत."

डबा तयार होईपर्यंत मी कोपऱ्यात दुसरा एक खराद पाहिला, कापडाने झाकलेला. दोन खराद कशाला, म्हणून विचारलं. पूर्वी दोन्ही चालायचे, आता एकही रोज चालत नाही. गिऱ्हाइकं की-चेन, पेंडंट, स्मृतिचिन्हं मागतात. ती सपाट असतात, खराद लागत नाही. सुरई, पानडबा, फुलदाणी कोण घेणार? बिदरीला 2006 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बीदरच्या शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. याचा चाचांना अभिमान आहे. पण कातायला शिकतो म्हणणारा मुलगा गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडे आलेला नाही. त्यांचा स्वतःचा मुलगा हैदराबादला नोकरी करतो. "तुमच्यासारखाच, कंप्यूटर," असं म्हणून ते हसले. मला हसू आलं नाही.

निघताना मी एक गोल डबी सांगून आलो. सपाट नको, खरादावरची. दीड महिना लागेल म्हणाले.

तर मंडळी, घरात बिदरी असेल तर चिंच, लिंबू, पावडर, काही लावू नका. मऊ फडक्याने पुसा, अधूनमधून खोबरेल तेलाचा हात फिरवा. रंग फिका झालाच तर बीदरला न्या. आणि पुढच्या लग्नात आहेर म्हणून बिदरी घ्याल तेव्हा एकदा गोल वस्तू मागून बघा, तिचा तळ उजेडाकडे धरा.

आजीचा डबा आता पुन्हा काळाभोर आहे. वेलीवर एका पानाची जागा रिकामी आहे. आजी सुपारी काढताना तिथे अंगठा ठेवते, मुद्दाम की सवयीने, हे विचारायचं मला धाडस होत नाही.