शिलेदार : ज्याचे शस्त्र, त्याची जोखीम

'सिलाह' हा मूळ अरबी शब्द. अर्थ शस्त्रे, आयुधे. फारसीच्या वाटेने तो मराठी राजव्यवहारात आला. आज तलवारीला वा भाल्याला कोणी सिलाह म्हणत नाही. मूळ शब्द लोपला, तरी त्याच्यापासून झालेले दोन शब्द मागे उरले. शस्त्रे ठेवण्याची जागा तो 'सिलेखाना'. जयपूरच्या राजवाड्यातील शस्त्रदालन आजही 'सिलेहखाना' या नावानेच ओळखले जाते. शस्त्रे बाळगणारा तो 'शिलेदार'.

मात्र शिलेदार म्हणजे केवळ शस्त्रधारी नव्हे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या घोडदळात स्वारांचे दोन वर्ग होते. ज्याला घोडा आणि हत्यारे सरकारातून मिळत, तो बारगीर. जो स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई, तो शिलेदार. हा भेद शौर्याचा नव्हता, मालकीचा होता. बारगिराला श्रमाचा मोबदला मिळे. शिलेदाराच्या वेतनात मात्र घोड्याची चंदी, खोगीर, हत्यारांची निगा आणि व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर भांडवलाचा घसारा हे सारे धरलेले असे.

भांडवल स्वतःचे असले की मान वाढतो, त्याबरोबर भयही वाढते. रणात घोडा पडला, तर बारगिराचे वाहन जाई; शिलेदाराची उपजीविकाच जाई. शिवाय ज्याचे साधन स्वतःचे, त्याला वेगळी वाट धरणेही सोपे. सभासद बखरीत या धोरणाचा उल्लेख आहे : पागेचे, म्हणजे सरकारी घोड्यांचे, बळ मोठे राखून शिलेदारांना तिच्या कह्यात ठेवले होते, म्हणजे कोणास बंडाला वाव राहू नये.

पुढे इंग्रजांनी हीच पद्धत आपल्या हिंदी घोडदळात उचलली. तेथे भरती होणारा स्वार घोडा व सरंजामापोटी ठरावीक रक्कम पलटणीत भरी. या जागेला 'असामी' म्हणत आणि चाकरी सोडताना तिचे मोल परत मिळे. पेढीच्या वहीतील 'असामी' वाचकांना ठाऊकच आहे. लष्करातही त्या शब्दामागे हिशेबच होता. एखाद्याच्या नावावर एकाहून अधिक असाम्या असत. अशा वेळी त्याच्या जादा घोड्यावर बसणारा तो बारगीर. घोडा मेल्यास एकट्यावर बोजा पडू नये म्हणून सर्व स्वार दरमहा 'चंदा' भरीत आणि त्या निधीतून नवा घोडा घेतला जाई. हा एक प्रकारचा परस्पर विमाच होता.

शांततेच्या काळात ही व्यवस्था उत्तम चालली. पहिल्या महायुद्धात मात्र पलटणी समुद्रापार गेल्या, हानी मोठी झाली आणि नवे घोडे व सरंजाम पुरविणे पलटणीच्या निधीच्या आवाक्याबाहेर गेले. युद्धानंतर, 1921 च्या सुमारास झालेल्या पुनर्रचनेत शिलेदारी पद्धत संपुष्टात आली. चार घोडे गेले तर चंदा पुरतो. सर्वांवर एकाच वेळी संकट आले तर सगळ्यांची वर्गणी मिळूनही तोकडी पडते. विम्याचा हा जुना धडा आहे.

शब्द मात्र टिकला. संगीत रंगभूमीवर जयराम आणि जयमाला शिलेदार यांनी हे आडनाव घरोघरी पोहोचविले. वृत्तपत्रांत आज 'अमक्या नेत्याचे शिलेदार' असे सर्रास छापले जाते. तेथे अर्थ असतो निष्ठावंत अनुयायी. पण ज्याचे पद, साधन आणि बळ सारे दुसऱ्याने दिलेले, त्याला जुन्या दफ्तरातील कारकुनाने बारगिरांच्या यादीत घातले असते.

बारगीर असण्यात कमीपणा नाही. स्वराज्याची पाग बारगिरांच्याच बळावर उभी होती. तरी दोन शब्दांतील भेद जपण्याजोगा आहे. स्वतःच्या मुद्दलावर दुकान थाटणाऱ्याला शिलेदार हे विशेषण नेमके शोभते. ते स्वीकारताना त्याने इतकेच पाहावे, की घोडा पडला तर दुसरा आणण्याची तजवीज आधीच झाली आहे ना.