गुपित फुटलं की आधी आरसा फोडा

सरकारी गुपितं इंटरनेटवर फुटली की सरकारं काय करतात याचा एक ठरलेला फ्लोचार्ट आहे. पहिली पायरी, "देशाच्या सुरक्षेला धोका!" म्हणून ओरडायचं. दुसरी, कागदात काय लिहिलंय त्यावर चकार शब्द काढायचा नाही. तिसरी, फोडणाऱ्याच्या मागे हात धुवून लागायचं. आणि चौथी, माझ्या मते सगळ्यात घातक: कोर्टाची पायरी न चढता, ज्या कंपन्यांच्या सर्व्हरवरून ते कागद लोकांपर्यंत पोचतायत त्यांना 'समजावायचं'. मुळात भोक कुठे होतं ते शोधणं आणि कागदात जे लिहिलंय त्याचा खुलासा करणं, हेही फ्लोचार्टात असतं. पण कंट्रोल तिथपर्यंत क्वचितच पोचतो.

नमुना म्हणून विकिलीक्सच घ्या. २८ नोव्हेंबर २०१० ला विकिलीक्स आणि न्यूयॉर्क टाइम्स, गार्डियन वगैरे पाच नियतकालिकांनी अमेरिकेच्या केबल्स, म्हणजे जगभरच्या वकिलातींनी वॉशिंग्टनला पाठवलेले रिपोर्ट, छापायला सुरुवात केली. एकूण २,५१,२८७. आता हा आकडा जरा फोडून बघा. 'सीक्रेट' १५,६५२. 'कॉन्फिडेन्शियल' १,०१,७४८. उरलेल्या १,३३,८८७ वर गोपनीयतेचा शिक्काच नव्हता. 'टॉप सीक्रेट' एकही नाही. म्हणजे निम्म्याहून जास्त माल सरकारच्याच हिशेबाने गुपित नव्हता!

तरी परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन म्हणाल्या की हा आंतरराष्ट्रीय समुदायावरचा हल्ला आहे. याच बाईंनी त्याच वर्षीच्या जानेवारीत इंटरनेटच्या स्वातंत्र्यावर मोठं भाषण ठोकलं होतं, हे सोडा. पण दोन दिवसांत त्यांच्याच मंत्रिमंडळातले संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स काय म्हणाले? की हे लाजिरवाणं आहे खरं, पण परराष्ट्र धोरणावर परिणाम तसा किरकोळच होईल. हा माणूस एकेकाळचा सीआयएचा प्रमुख. तो शांत, आणि बाकीच्यांचा थयथयाट.

आता आपल्या धंद्याच्या चष्म्यातून बघू. प्रॉडक्शनचा डेटा बाहेर गेला तर आपण पहिला प्रश्न विचारतो, अ‍ॅक्सेस कुणाकुणाला होता आणि लॉग कुठे आहेत? इथे अ‍ॅक्सेस किती जणांना असावा? त्या लष्करी नेटवर्कवर पंचवीस-तीस लाख लोकांना प्रवेश असल्याचं तेव्हा छापून आलं होतं. त्यातली एक चेल्सी मॅनिंग (तेव्हाचं नाव ब्रॅडली), इराकमधल्या तळावरची बावीस वर्षांची अ‍ॅनालिस्ट. तिनेच चॅटवर सांगितल्याप्रमाणे ती लेडी गागाचं नाव टाकलेली सीडी घेऊन यायची, गाणी पुसायची आणि त्यावर फायली उतरवून न्यायची. लाखो फायली गेल्या तरी कुठे घंटा वाजली नाही. ती पकडली गेली तीसुद्धा चॅटवरच्या माणसाने चुगली केली म्हणून! आपल्याकडे असं झालं असतं तर सिक्युरिटी टीमला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

नंतर सीडी-पेन ड्राइव्हवर बंधनं आली, २०११ मध्ये ओबामांनी सिस्टिम सुधारण्याचा आदेशही काढला, ते मान्य. पण सुरुवातीची ताकद कुठे खर्च झाली बघा. सरकारी कर्मचाऱ्यांना फर्मान निघालं की ऑफिसच्या साध्या कॉम्प्युटरवर या केबल्स उघडायच्या नाहीत, कारण त्या अजूनही गोपनीयच आहेत. हवाईदलाने आपल्या नेटवर्कवर चक्क न्यूयॉर्क टाइम्सची साइट ब्लॉक केली. म्हणजे बातमी कराचीत वाचा, बीजिंगमध्ये वाचा, फक्त अमेरिकेच्या सैनिकाने वाचायची नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं असं म्हणतात. इथे दूध सांडून गेलं होतं तरी मांजराचे डोळे मिटलेलेच!

इथपर्यंत नुसता विनोद आहे. खरा राग यावा अशी गोष्ट पुढे आहे. सिनेटर जो लिबरमन यांच्या ऑफिसातून अ‍ॅमेझॉनकडे चौकशी झाली आणि १ डिसेंबरला विकिलीक्स अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरवरून बाहेर. (अ‍ॅमेझॉनचं म्हणणं, सरकारचा काही संबंध नाही, आमच्या अटींचा भंग झाला.) पाठोपाठ डीएनएस पुरवणाऱ्या कंपनीने डोमेन बंद केलं. मग पेपालने खातं गोठवलं आणि बोट दाखवलं परराष्ट्र खात्याच्या एका पत्राकडे, जे पत्र पेपालला नव्हे तर विकिलीक्सला लिहिलेलं होतं! मग मास्टरकार्ड, मग व्हिसा. सगळा खेळ आठवड्याभरात खलास. तोपर्यंत विकिलीक्सवर ना कुठला खटला, ना कुठल्या न्यायाधीशाचा हुकूम.

याचा अर्थ लक्षात घ्या. सरकारने छापखान्यावर बंदी घालायची तर कोर्टात जावं लागतं, आणि १९७१ मध्ये पेंटॅगॉन पेपर्सच्या वेळी अमेरिकी सरकार सुप्रीम कोर्टात हरलं होतं. मग कोर्टात कशाला जा? होस्टिंग, डोमेन आणि पैसे या तिन्ही नळ्या खाजगी कंपन्यांच्या हातात. कंपनीला भाषणस्वातंत्र्याची घटना लागू नाही, तिला फक्त 'टर्म्स ऑफ सर्व्हिस' लागू. एक फोन पुरतो. आणि जाब विचारायला गेलात तर सरकार म्हणणार आम्ही कुठे काय केलं, कंपनी म्हणणार आमचं धोरण आहे. आइसलँडच्या सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१३ मध्ये व्हिसाच्या तिथल्या भागीदार कंपनीला पेमेंट पुन्हा सुरू करायला लावलं. पण त्याला सव्वादोन वर्षं लागली. कोंडी करायला आठवडा, न्याय मिळायला सव्वादोन वर्षं!

आणि ज्यासाठी हा आटापिटा, ते गुपित तरी काय असतं? जुलै २००७ मध्ये बगदादमध्ये अमेरिकी हेलिकॉप्टरने केलेल्या गोळीबारात रॉयटर्सची दोन माणसं मारली गेली. रॉयटर्सने माहितीच्या कायद्याखाली रीतसर व्हिडिओ मागितला. मिळाला नाही. एप्रिल २०१० मध्ये तो विकिलीक्सवर आला. गोळीबार करणाऱ्यांवर खटला झाला नाही. फायली देणाऱ्या मॅनिंगला पस्तीस वर्षं. (ओबामांनी २०१७ मध्ये ती कमी केली.) स्नोडेनचंही तेच. मार्च २०१३ मध्ये गुप्तचर विभागांचे प्रमुख जेम्स क्लॅपर यांना सिनेटमध्ये विचारलं की लाखो अमेरिकनांची माहिती गोळा करता का? ते म्हणाले, नाही. तीन महिन्यांत स्नोडेनच्या कागदांनी ते खोटं ठरवलं, आणि पुढे अमेरिकेच्याच अपील कोर्टांनी ती फोन रेकॉर्डची गोळाबेरीज बेकायदा ठरवली. पण हेरगिरीचे आरोप कुणावर? स्नोडेनवर. क्लॅपरसाहेबांवर काहीही नाही.

"पण निरपराध लोकांची नावं फुटतात त्याचं काय?" हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळू नये. सप्टेंबर २०११ मध्ये विकिलीक्सने सगळ्या केबल्स नावं न झाकता टाकल्या. फाइल आणि पासवर्ड दोन्ही आधीच बाहेर आले होते हे कारण मला पुरेसं वाटत नाही, आणि त्या पाच नियतकालिकांनीही याचा निषेधच केला. ज्यांनी विश्वासाने वकिलातीत तोंड उघडलं त्यांना उघडं पाडणं हा पराक्रम नव्हे. पण २०१३ च्या मॅनिंग खटल्यात, लष्कराची पाहणी ज्यांनी केली त्या जनरल रॉबर्ट कार यांना यामुळे मारल्या गेलेल्या माणसाचं एकही ठोस उदाहरण देता आलं नाही. धोका खरा होता, तर त्यावर कायदा करा, खटला चालवा, पुरावा मांडा. अंधारातून फोन फिरवणं हे त्याचं उत्तर नाही.

आपण अमेरिकेला हसावं तर आपलं सरकार काय कमी आहे? मार्च २०११ मध्ये 'हिंदू'ने भारताविषयीच्या केबल्स छापल्या. २००८ च्या विश्वासदर्शक ठरावात पैसे वाटल्याचा आरोप त्यात होता. मनमोहनसिंगांनी संसदेत आरोप फेटाळला आणि सांगितलं की अशा कागदांच्या अस्तित्वालासुद्धा सरकार दुजोरा देऊ शकत नाही. अमेरिकेने ज्यापायी आकाशपाताळ एक केलं, ते आहे की नाही हेच आम्हाला ठाऊक नाही! सरकार बदललं, २०१९ मध्ये राफेलचे कागद छापून आले, तर सुप्रीम कोर्टात युक्तिवाद काय? कागद चोरीचे आहेत, बघू नका. मदतीला १९२३ चा, इंग्रजांनी केलेला ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्ट. कोर्टाने एप्रिलमध्ये तो आक्षेप फेटाळला हे नशीब. पक्ष कुठलाही असो, फ्लोचार्ट तोच.

असो. तुम्ही म्हणाल आपण काय करणार? मंडळी, ती चौथी पायरी आपल्याशिवाय चढताच येत नाही. सर्व्हर सरकार बंद करत नाही. एक तिकीट येतं, त्यावर 'अर्जंट' लिहिलेलं असतं, आणि तुमच्या-माझ्यासारखा कुणीतरी शुक्रवारी संध्याकाळी कमांड मारून घरी जातो. तेव्हा तिकीट आलं तर एवढं तरी विचारा: हुकूम कुठल्या कोर्टाचा, कलम कुठलं, आणि लेखी आहे का? नोकरी जाईल म्हणून शेवटी कमांड मारावी लागली तरी प्रश्न ईमेलवर विचारून ठेवा. त्या फोनची नोंद राहायला हवी, आणि ती ठेवायची जागा आपल्याच हातात आहे.